फादर बाखर आपले कोण?

दसरा झाला की मिरजगावातून जाणाऱ्या नगर-सोलापूर रस्त्यावर रात्री उशिरा ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीत भांडी, पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, एखादी बांधलेली शेळी, आणि सगळ्यात वर गोधडीत गुंडाळलेली पोरं. कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या आष्टी-पाटोद्याची ही माणसं ऊसतोडीला निघालेली असतात. मागे म्हातारी माणसं राहतात आणि दारांना कुलपं राहतात. पाडव्याच्या आगेमागे ती कुलपं निघतात. तोपर्यंत शाळेच्या हजेरीत त्या पोरांच्या नावापुढे नुसत्या फुल्या पडलेल्या असतात.

नगर जिल्ह्यात एका माणसाने याच कुलपांविरुद्ध अर्धं आयुष्य वेचलं. त्यांचं नाव फादर हर्मन बाखर. त्यांचं नाव एखाद्या पाझर तलावाला द्यावं, निदान वर्षातून एकदा ग्रामसभेत त्यांची आठवण काढावी, असं कुणी म्हटलं की आक्षेप ठरलेले असतात. तो पादरी होता. तो परदेशी होता आणि त्याने आणलेला पैसाही परदेशी होता. चराईबंदी करून त्याने मेंढपाळाच्या पोटावर पाय दिला. आणि एवढं करूनही गाड्या थांबल्या का? अलीकडे शिकलेल्या माणसांकडून पाचवा आक्षेपही येतो: माणसं गावात धरून ठेवायचीच कशाला, जाऊ द्या की शहराकडे.

या पाचांपैकी चार आक्षेप मला साफ चुकीचे वाटतात. एक अर्धा खरा आहे, आणि त्याचा अर्धा खरेपणा मान्य केल्याशिवाय बाखरांचा सन्मान करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. म्हणून हा लेख.

आधी माणूस कोण, ते थोडक्यात. हर्मन बाखर यांचा जन्म १९२४ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या वालिस प्रांतातला. येशूसंघाचे धर्मगुरू म्हणून ते १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांच्या हयातीतली जवळपास सहा दशकं महाराष्ट्रात गेली. नगरचं सोशल सेंटर त्यांनी उभं केलं. ऐंशीच्या दशकात नगर तालुक्यातल्या पिंपळगाव वाघा या गावी लोकांना बरोबर घेऊन पाणलोटाचं काम झालं. त्याच अनुभवातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘वॉटर’ म्हणतो ती संस्था, स्थापन केली. म्हातारपणी ते मायदेशी परतले आणि १४ सप्टेंबर २०२१ रोजी तिथेच वारले.

आता पहिला आक्षेप. तो पादरी होता. होय, होता, आणि त्याने ते कधी लपवलं नाही. आक्षेपामागचा खरा संशय असा असतो की पाण्याच्या निमित्ताने धर्म वाढवायचा होता. हा संशय ज्यांना येतो त्यांनी पाणलोटाचं काम चालतं कसं ते एकदा पाहावं. काम माथ्यापासून पायथ्याकडे जातं. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उताराच्या शेतांत बांधबंदिस्ती, मग ओघळींत दगडी बांध, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर माती बांध. माथ्यावरच्या एका गटधारकाने नाही म्हटलं तर त्याच्या रानातून सुटलेलं पाणी खालच्या दहा जणांचे बांध फोडतं. म्हणून सगळ्या गावाची संमती मिळाल्याशिवाय कामाला हात लागत नाही. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, ग्रामसभेने पाणलोट समिती निवडायची, मजुरीतला एक वाटा श्रमदान म्हणून सोडायचा, आणि प्रत्येक गटाची आखणी करताना शेतकऱ्यासोबत त्याच्या कारभारणीलाही बांधावर बोलवायचं, अशी ही पद्धत आहे. गावातला एक गट वेगळा काढून त्याचं भलं करायचं ठरवलं तर हे काम पहिल्याच पावसात वाहून जातं. माणसं फोडण्याचा हेतू असलेला कुणीही हे साधन निवडणार नाही. बाखरांनी हेच साधन निवडलं.

शिवाय आपल्याच परिसराची आठवण ठेवू या. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने खेड्यातल्या, बऱ्याचदा निरक्षर, बायांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. ते ख्रिस्ती होते. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा अख्ख्या तालुक्याने तो आपला मानला. बाळंतपणात वाचलेल्या आईने सेविकेचा धर्म विचारला नाही. एवढा समजूतदारपणा आपल्या बायाबापड्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दाखवला असेल, तर आज तो आपल्याला जड का व्हावा?

दुसरा आक्षेप परकेपणाचा. मिरजगावापासून चौंडी लांब नाही. तिथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव आज आपल्या जिल्ह्याला आहे. त्यांची थोरवी सांगताना आपण काय सांगतो? काशीला घाट बांधला, विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं, आपल्या राज्याबाहेर दूरदूर विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या. ज्या बाईने पाण्याचं काम करताना स्वतःच्या राज्याची हद्द पाहिली नाही, तिच्या नावाच्या जिल्ह्यात राहून आपण दुसऱ्याने केलेल्या पाण्याच्या कामाला मुलुख विचारावा, हे त्या नावाला शोभत नाही.

पैशाचं म्हणाल, तर तो मिशनच्या दानपेटीतून आला नव्हता. जर्मन सरकारच्या विकास बँकेचा निधी आपल्या नाबार्डमार्फत येत होता आणि त्याचा हिशेब गावाच्या समितीला द्यावा लागत होता. या कार्यक्रमाची रीत आपल्या सरकारला इतकी पटली की १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाणलोट विकास निधी जाहीर झाला आणि तो नाबार्डकडे सोपवला गेला. जी रीत भारत सरकारने स्वतःची म्हणून उचलली, तिला आज नगर जिल्ह्यातच परकी म्हणायचं, याला काय म्हणावं?

तिसरा आक्षेप चराईबंदीचा. इथे मी थांबतो, कारण हा आक्षेप करणारा माणूस मला आदराचा वाटतो.

पाणलोटात दोन नियम मूळचे आहेत, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. उघड्या डोंगरावर गवत यायचं तर काही वर्षं तिथे जनावर जाता कामा नये. नियम सगळ्यांना सारखा, पण त्याची झळ सारखी नसते. ज्याची विहीर पायथ्याला आहे त्याचं पाणी वाढतं. ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त वीस शेळ्या किंवा मेंढरांचा कळप आहे, त्याचं रान बंद होतं. म्हणजे वरच्या माणसाने उपास करायचा आणि खालच्याने जेवायचं. पाणलोटाच्या कामांचा अभ्यास करणाऱ्यांनीही हे दाखवून दिलं आहे की भूमिहीन आणि पशुपालक यांच्या वाट्याला त्रास जास्त आणि लाभ कमी येतो. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत, जे गाव या कार्यक्रमाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे, तिथेही शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला होता. तो विरोध अडाणीपणाचा नव्हता. त्यांना त्यांचा हिशेब कळत होता.

हे मान्य करून मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, गवत वाचवण्याची गरज मेंढपाळाला शिकवावी लागत नाही. नगर-पुण्याकडचे मेंढपाळ दसऱ्यानंतर आपले वाडे घेऊन कोकणात उतरतात ते याच ज्ञानावर. कुठलं रान कधी चारायचं आणि कधी सोडायचं हे त्यांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. बंदी त्यांच्यावर लादली जाते तेव्हा ती अन्याय होते. डोंगराचे तुकडे पाडून टप्प्याटप्प्याने बंद केले, कापून आणायच्या गवतावर पहिला हक्क त्यांचा ठरवला, आणि पाणी वाढलेल्या विहिरवाल्यांकडून त्यांना भरपाई दिली, तर तीच बंदी करार होते. असा करार जिथे झाला नाही तिथे दोष कार्यक्रम राबवणाऱ्यांचाही आहे. बाखरांचं नाव घेणाऱ्यांनी हा दोष लपवू नये.

दुसरी गोष्ट अशी की या दोषामुळे मूळ विचार खोटा ठरत नाही. काम सुरू होण्याआधी दरेवाडीत शेतीचं काम वर्षातून तीन-चार महिने मिळायचं. उरलेलं वर्ष माणसं कामाच्या शोधात गाव सोडून जायची. १९९६ ते २००१ या काळात तिथे पाणलोटाचं काम झालं, आणि त्यानंतर गावातच नऊ-दहा महिने काम मिळू लागल्याची नोंद आहे. हे पाच-सहा जादा महिने म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. ते कळायला तोडीचं बिऱ्हाड पाहावं लागतं.

तोडीत माणसाला नाव नसतं. नवराबायको मिळून एक कोयता. सणासुदीच्या तोंडावर मुकादम उचल देतो. घरातलं लग्न, दवाखाना, जुनं देणं, त्यातच ती संपते, आणि मग सहा महिने ती फेडायला कारखान्याच्या फडात जावं लागतं. पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं, रात्री-बेरात्री गाडी आली की मोळ्या डोक्यावरून वाहून भरायच्या. एक दिवस खाडा झाला की तो उचलीत चढतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या शेकडो बायांची गर्भाशयं काढली गेल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली तरी खाडा नको, हा धाक त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी असल्याचं तेव्हा पुढे आलं. आपल्या गावात नऊ महिने काम मिळणं याचा अर्थ या बाईला उचल नाकारता येणं. फादर बाखर ज्या कामात अर्धं आयुष्य गुंतले, त्याचं मोल मी या एका नकारात मोजतो.

आपल्याच जिल्ह्याची रचना पाहिली तर हा अन्याय आणखी टोचतो. १९२६ मध्ये पुरं झालेलं भंडारदरा धरण आणि प्रवरेचे कालवे यांनी उत्तर नगर भिजलं. तिथे प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचं सगळ्या देशाने कौतुक केलं. ते कौतुक योग्यच होतं. पण त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडची माणसं ऊस लावायला नव्हे, तोडायला जात राहिली. एका जिल्ह्यात एकाच्या रानात पाणी आणि दुसऱ्याच्या हातात कोयता. दक्षिणेला मोठ्या नदीची वाट पाहत बसण्यापेक्षा तुमच्या डोंगरावर पडतो तोच पाऊस धरा, हा या पद्धतीचा सांगावा होता. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखाला यापेक्षा प्रामाणिक सल्ला मला माहीत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यात बोचरा आहे: गाड्या थांबल्या का? नाही थांबल्या. २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१८-१९ ला आपल्या भागात जनावरांच्या छावण्या पडल्या, टँकर फिरले. मग बाखर हरले असं म्हणायचं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी स्वतःच्या शिवारातली बोअरची संख्या मोजावी. पाणलोट म्हणजे सगळ्या गावाने घाम गाळून भरलेला रांजण. बोअर म्हणजे एकाने रात्री येऊन लावलेली नळी. चर खोदायला दोनशे माणसं लागतात, बोअर पाडायला एक यंत्र आणि एक रात्र पुरते. गावाने वर मुरवलेलं पाणी चार जणांनी खालून उपसलं, त्यावर ऊस लावला, आणि फेब्रुवारीत विहिरी कोरड्या पडल्या. मग तेच चार जण म्हणतात, पाणलोटाने काही होत नाही. हे म्हणजे धरणाची दारं रात्री उघडून सकाळी धरण बांधणाऱ्याला दोष देण्यासारखं आहे. महाराष्ट्रात २००९ चा भूजल कायदा आहे. शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल बोअर घेऊ नये असं त्यात आहे. हा कायदा आपल्या तालुक्यात किती जण पाळतात, हे आपल्याला प्रत्येकाला ठाऊक आहे.

नियम टिकला की काय होतं याचाही दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये हिवरे बाजारचे सरपंच झाले. त्या गावाने शेतीसाठी बोअर नको असं ठरवलं, उसासारखी तहानलेली पिकं नाकारली आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावरून पिकं ठरवली. तिथली गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. हिवरे बाजारचा डोंगर कर्जतच्या डोंगरापेक्षा जास्त पुण्यवान नाही. तिथल्या ग्रामसभेने आपला शब्द राखला, इतकंच. म्हणून गाड्या थांबल्या नाहीत याचं उत्तर बाखरांच्या कबरीजवळ शोधायला जाऊ नका. ते आपल्या शिवारात आहे, केसिंग पाइपच्या तोंडाशी.

पाचवा आक्षेप शिकलेल्यांचा. त्यांचं म्हणणं असं की गाव हे काही स्वर्ग नाही, जातीचा जाच तिथेच जास्त, मग माणसाला गावात राहायला लावणं हीच प्रतिगामी गोष्ट नाही का? जाण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. मिरजगावचं पोरगं शिकून पुण्याला गेलं, चाकणला कामाला लागलं, तिथेच स्थायिक झालं, तर मी त्याला आशीर्वाद देईन. पण उचल घेऊन निघालेलं बिऱ्हाड कुठल्याही शहरात पोचत नाही. ते फडातून फडात फिरतं आणि सहा महिन्यांनी जिथून निघालं तिथेच परत येतं. बऱ्याचदा थोडं जास्त देणं घेऊन. वाडा घेऊन कोकणात उतरणारा मेंढपाळ स्वतःच्या विद्येवर चालतो, तोडीचं बिऱ्हाड दुसऱ्याच्या हिशेबावर चालतं. या दोन्ही प्रवासांना एकच ‘स्थलांतर’ हा शब्द लावून मोकळं होणं ही विचाराची आळशी सोय आहे. ज्याला राहण्याचा पर्यायच नाही, त्याच्या जाण्याला निवड म्हणता येत नाही. बाखर स्वतः देश सोडून आलेले होते, पण त्यांनी ते ठरवून केलं होतं. ज्यांना ठरवताच येत नव्हतं, त्यांच्या बाजूने ते उभे राहिले.

आक्षेप घेणाऱ्यांशी माझं भांडण संपलं. आता सन्मान करणाऱ्यांशी.

कारण मला भीती आहे ती फोटोची, हाराची, आणि ‘जलदूत’ वगैरे शब्दांची. कमानीला नाव द्यायचं, मंत्र्यांना बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्यक्रमातल्या चार जणांनी नवं बोअर पाडायचं, असा सन्मान आक्षेपापेक्षा वाईट. आक्षेप घेणारा निदान तोंडावर बोलतो. विरोधकांना बाखर नकोत, आणि अशा सन्मानकर्त्यांना बाखरांचं फक्त नाव हवं आहे, त्यांच्या अटी नकोत. माझ्या मते दोघांनीही त्यांना सारखंच गावाबाहेर ठेवलं आहे.

खरा सन्मान करायचा तर त्याला पैसा लागत नाही. दोन ऑक्टोबरला ग्रामसभा भरतेच. तेव्हा पावसाळा सरलेला असतो, विहिरींची पातळी मोजता येते, रब्बीचा निर्णय व्हायचा असतो, आणि मुकादमाच्या गाड्या अजून यायच्या असतात. त्या ग्रामसभेत तीन आकडे मोठ्याने वाचावेत. गावच्या विहिरींत आज किती पाणी आहे. तेवढ्या पाण्यात कोणती पिकं निघतील आणि कोणती निघणार नाहीत. आणि यंदा गावातून किती कोयते जाणार आहेत. तिसऱ्या आकड्यात घरांची नावं नकोत. कुणाचं दारिद्र्य चव्हाट्यावर मांडायचं नाही. नुसता आकडा पुरे, कारण तो गावाच्या नावावरचा आहे. मग मेंढपाळांना समोर बसवून कुठला डोंगर कधी बंद ठेवायचा हे त्यांच्याशी बोलून ठरवावं, आणि शेतीसाठी नवं बोअर कुणीही घ्यायचं नाही हा ठराव हात वर करून घ्यावा.

पुढच्या वर्षी दोन ऑक्टोबरला तेच तीन आकडे पुन्हा वाचावेत. तिसरा आकडा एका कोयत्याने जरी कमी झाला, तर त्या दिवशी मिरजगावात बाखरांचं नाव घ्यायला कुणाची परवानगी लागणार नाही. ते आपले कोण, हे त्या एका घराला माहीत असेल, ज्याच्या दाराला त्या दसऱ्यानंतर कुलूप लागलेलं नसेल.